तबकडीच्या काठावरची नावे

दोन वर्षांपूर्वी इंदापुरातील आमच्या एका वयोवृद्ध बंधूंचे निधन झाले. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो होतो. बारामतीहून इंदापूर पन्नासएक किलोमीटर. मिस्सासाठी जाणेयेणे असल्यामुळे वाटेवरची घरे घेत जाण्याची सवय झाली आहे. चहा झाल्यावर त्यांच्या पत्नीने एका लोखंडी कपाटाचे दार उघडून दाखवले. कपड्यांच्या जागी त्यात चित्रपटांच्या तबकड्या होत्या, दोनशेला थोड्या कमी. हे गृहस्थ आयुष्यभर परिसरातील एका साखर कारखान्यात फिटर होते. ना तंबाखू, ना पान. पगार झाला की एक-दोन सीडी घेऊन यायचे, एवढाच त्यांचा छंद.

“ह्यांचा पसारा आहे, फादर. तो प्लेअर तर कधीच बंद पडला. पोरं म्हणतात, हे सगळं एका डबीत मावतं. तुम्हाला येतं म्हणे ते.”

मला ते येत होते. धर्मग्रामातील मुलांच्या संगतीने शिकलो होतो आणि (कबूल करायला हरकत नाही) त्या कामात मला रस होता. तबकडी संगणकात घालावयाची, तिच्यावरील चित्रपट उतरवून घ्यावयाचा, त्याला योग्य नाव द्यावयाचे आणि हार्ड डिस्कवर ठेवावयाचा. मग घरातल्या दूरदर्शन संचावर पुस्तकांच्या फडताळासारखी सारी चित्रे ओळीने दिसतात. काम सोपे, वेळखाऊ आणि वरवर पाहता निष्पाप. पुढे सात-आठ महिने फावल्या वेळात मी ते करीत राहिलो. त्या काळात जे प्रश्न मला पडले, ते सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात कोणी विचारले नव्हते.

पहिला प्रश्न अर्थातच सातव्या आज्ञेचा. ही चोरी आहे काय?

संत थॉमस अक्विनास यांनी चोरीची व्याख्या केली आहे ती अशी, की दुसऱ्याची वस्तू गुप्तपणे घेणे म्हणजे चोरी. परंतु घेणे ह्या शब्दामागे त्यांच्या डोळ्यांसमोर धान्य, घोडा, अंगरखा असणार. मी घेतला तर तुमच्याकडे उरत नाही, अशी वस्तू. चित्रपट उतरवून घेतल्यावर मूळ तबकडी आहे तिथेच राहते. कोणाच्याही कोठारातला दाणा कमी होत नाही. म्हणून पुष्कळजण म्हणतात की ह्यात चोरी कसली? मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. कष्टकऱ्याला मिळावयाचा मोबदला त्याच्यापर्यंत पोचू न देणे हेदेखील पवित्र शास्त्राच्या दृष्टीने हरणच आहे. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरीच आक्रोश करते. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दरसाल पाहणाऱ्या आमच्या भागात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण ह्या बंधूंनी मोबदला दिला होता. पैसे मोजून तबकडी घेतली होती. आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील बावन्नाव्या कलमात खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापरास उल्लंघनातून वगळले आहे. 2012 मध्ये त्या कायद्यात 65अ हे कलम आले. प्रतिबंधक तांत्रिक उपाय, म्हणजे साध्या भाषेत तबकडीवरचे कुलूप, तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र ते हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले असेल तर. जुन्या व्हीसीडीला कुलूप नसतेच, डीव्हीडीला बहुधा असते. हेतूवर बोट ठेवणारा कायदा धर्मगुरूला जवळचा वाटतो, कारण पापनिवेदनाच्या आसनावर बसून आम्हीही शेवटी तेच विचारतो. विकत घेतलेली वस्तू त्याच घरासाठी टिकवून ठेवणे ह्यात मला दोष दिसला नाही. तीच प्रत मी सभागृहात लावली किंवा दहाजणांना पेनड्राइव्हवर वाटली तर मात्र माझा पाय दुसऱ्या बाजूला पडतो. ही सीमारेषा फार पातळ आहे, आणि तरुण मंडळी ‘फादर, फक्त आम्हाला’ म्हणून ती ओलांडायला सांगत असतात.

ह्या वादाला आपल्या ख्रिस्तसभेत जुनी परंपरा आहे. सहाव्या शतकातील आयर्लंडमध्ये संत कोलंबा यांनी फिनियन नावाच्या आपल्या गुरूंच्या स्तोत्रसंहितेची प्रत गुपचूप उतरवून घेतली, असे परंपरा सांगते. गुरूंनी प्रत मागितली, शिष्य देईना. प्रकरण राजा डायर्मिडपुढे गेले. राजाने निवाडा दिला तो गाईवासराच्या दाखल्यावरून: ज्याची गाय त्याचे वासरू, तसे ज्याचे पुस्तक त्याची नक्कल. पुढे त्यावरून लढाई झाली म्हणतात. हा निवाडा मी इथल्या एका दूधवाल्याला सांगितला. तो क्षणभर विचार करून म्हणाला, “आणि चारा कुणी घातला?” आमच्याकडे जनावर अर्धलीने देण्याची रीत आहे; राखणाऱ्याचाही वासरात वाटा असतो. रात्र रात्र जागून प्रत करणाऱ्या कोलंबाच्या बोटांचा विचार आयरिश राजाने केला नव्हता, तो बारामतीच्या दूधवाल्याने केला.

आणि राखणाऱ्याचे मोल आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो गोव्यातून आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतून कोणीकोणी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. 1907 साली मंगळूरला साल्ढाणा यांनी जी आवृत्ती काढली ती हस्तलिखितांवरून. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित उजेडात आले. छापखाना हरला आणि घरगुती नक्कल टिकली. त्या नक्कलकारांनी कोणाची परवानगी घेतली होती?

चित्रपटांची कथा वेगळी नाही. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने रिळे गोळा करण्यात आयुष्य वेचले, म्हणून आपल्याला जुने काही दिसते. तरीही 1931 चा ‘आलम आरा’ हाती लागला नाही, आणि 2003 मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटवरची कितीतरी जुनी रिळे जळून गेली. तबकड्यांचे आयुष्य तर याहून तोकडे. 2007 च्या सुमारास मोझर बेअर ह्या कंपनीने अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीस रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा कारखान्याच्या फिटरलाही घरी चित्रसंग्रह करता येऊ लागला. ती कंपनी 2018 मध्ये अवसायनात गेली. तबकडीवर आवेष्टन आहे, पत्ता आहे. पत्त्यावर कोणी नाही.

त्या कपाटात तीसएक तबकड्या मात्र चोरट्या होत्या. कागदावर अंधुक छापलेले चित्र आणि पाठीवर निळसर-जांभळी झाक. मी त्या बाजूला ठेवल्या, तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. “स्टँडबाहेर वीस रुपयाला मिळायच्या, फादर. ह्यांना काय ठाऊक?” मी त्या उतरवून घेतल्या नाहीत. अपवाद केला तो एकाचा, प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’चा. आपल्याकडे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरची साठ वर्षे चालतो. ‘संत तुकाराम’वरील हक्क केव्हाच संपला आहे आणि तो आता सर्वांचा आहे. तेव्हा एका चोराने मला जे विकत दिले होते ते माझ्याच मालकीचे होते, असा विचित्र हिशेब निघाला. बाकीच्या तबकड्या नाकारताना मी काहीसा ताठ बोललो. ते पुढे आठवणार होते.

आता नावांविषयी. उत्पत्तीच्या पुस्तकात देव सर्व प्राणी आदामापुढे आणतो आणि तो त्यांना कोणती नावे देतो ते पाहतो. मला नेहमी वाटत आले आहे की तिथे देवाला आदामाची परीक्षा पाहावयाची होती. फायलीला नाव देताना ती परीक्षा मी अनेकदा नापास झालो. पद्धत अशी, की चित्रपटाचे नाव आणि पुढे कंसात वर्ष लिहावयाचे. मग संगणक महाजालावर शोध घेऊन त्याला भित्तिचित्र आणि माहिती जोडतो. वर्ष कशाला, असे प्रथम वाटले. मी नुसते ‘धर्मात्मा’ लिहिले, तर एकनाथ महाराजांच्या भूमिकेतील बालगंधर्वांच्या चित्रपटाला संगणकाने 1975 सालच्या फिरोज खानचे भित्तिचित्र लावले. बरे, 1935 च्या त्या चित्रपटाचेही मूळ नाव ‘महात्मा’ होते. गांधीजींच्या धसक्याने ब्रिटिश परिनिरीक्षकांनी ते बदलायला लावले. मग खरे नाव कोणते, शांतारामबापूंच्या मनातले की पडद्यावर उमटलेले? ‘श्यामची आई’ही दोन आहेत: अत्र्यांची 1953 ची आणि दुसरी 2023 ची. आपल्या चर्चच्या अंगणात उपवासकाळात दाखवला जाणारा ‘दयासागर’ हा मूळचा 1978 चा तेलुगू ‘करुणामयुडू’. तो मी कोणत्या नावाने ठेवू? आणि ‘वळू’तला ‘ळ’ रोमन लिपीत लिहूनच दाखवावा कोणी. मी देवनागरीत नावे देऊ लागलो तेव्हा संगणक निम्म्या चित्रपटांना ओळखेनासा झाला. यंत्राला ओळखता यावे म्हणून आपण आपले नाव बदलावे, ही तडजोड मराठी माणसाला नवीन नाही. तरी मी देवनागरीच ठेवली आणि वर्षे घातली.

एव्हाना मला ह्या कामाची घमेंड चढली होती. तबकडीच्या सुरुवातीला कंपन्यांच्या जाहिराती असतात, त्या मी कापू लागलो. मग शेवटची नामावळी. चित्रपट संपला, गाणे वाजते आहे, बारीक अक्षरांची रांग वर सरकते आहे, कोण पाहतो? पाच-सात मिनिटे वाचतात, पुढचा चित्रपट लगेच लागतो. काही डीव्हीडींच्या शेवटचा भाग मी उतरवूनच घेतला नाही, आणि आपण फार नेटके काम करीत आहोत अशा समाधानात राहिलो.

पहिल्या पुण्यस्मरणाच्या दिवशी मिस्सा झाली, जेवणे झाली, आणि घरच्यांनी त्यांच्या आवडीचा एक चित्रपट लावला. दहा-बारा वर्षांपूर्वीचा मराठी चित्रपट, फारसा न चाललेला. शेजारच्या गल्लीतील एक विधवा भगिनी शेवटपर्यंत पुढे सरकून बसल्या होत्या. चित्रपट संपला आणि पडदा काळा झाला. त्या थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माझ्या पोराचं नाव कुठं गेलं, फादर?”

त्यांचा मुलगा तरुणपणी चार-पाच वर्षे पुण्यात एका ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली काम करीत होता. पुढे काम मिळेनासे झाले. आता तो बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्या एका चित्रपटाच्या शेवटी त्याचे नाव येते, दोन-तीन सेकंद. आमच्या दिवंगत बंधूंनी ती तबकडी विकत घेतली होती ती त्या नावासाठीच. दरवर्षी नाताळात ह्या बाईंना बोलावून ते शेवटचा भाग लावायचे आणि नाव आले की चित्र थांबवायचे. हे मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

माझ्या हाताखाली स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत. ख्रिस्तसभेच्या नियमावलीतील 877 वा नियम सांगतो की स्नानसंस्कार झालेल्याचे नाव लिहावे, आणि त्याबरोबरच संस्कार देणाऱ्याचे, आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे, साक्षीदार असल्यास त्यांचे, तसेच स्थळ आणि दिनांकही. बाळाचे नाव आणि वर्ष लिहिले, उरलेली ओळ जागा वाचवण्यासाठी सोडली, असे एखाद्या धर्मगुरूने केले तर बिशपांच्या भेटीत त्याची कानउघाडणी होईल. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी लिहिले, कोठे, कोणत्या तिथीला, आणि चुकले असल्यास क्षमा. ज्या बारामतीत मोरोपंतांचे आयुष्य गेले, तिथे राहून मी पोथ्यांची शेवटची पाने फाडीत बसलो होतो. मोबदल्याच्या प्रश्नावर मी कायद्याची कलमे चाळली, संत थॉमसना विचारले. पण कष्टकऱ्याचे देणे पैशातच संपते असे मी कशावरून धरले? त्या मुलाला मिळालेले पैसे कधीच खर्च झाले होते. त्या चार वर्षांपैकी उरले होते ते फक्त नाव, आणि ते मी कोणतेही कुलूप न तोडता, कायद्याचे कोणतेही कलम न मोडता पुसले होते.

घरी येऊन कपाटातील तबकडी पुन्हा काढली. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी आणि डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. चित्रपटाचा आरंभ मध्याजवळ असतो आणि तबकडी भरत आलेली असेल तर शेवट बाहेरच्या काठावर. आपण तबकडी धरतो ती काठाला. बोटांचा घाम, ओरखडे, धूळ, सगळे तिथे. म्हणजे नामावळीच सर्वांत आधी झिजते. ह्या तबकडीवर तर दर नाताळात तोच भाग पुन्हा पुन्हा लावला गेला होता. मऊ कापडाने मध्याकडून काठाकडे सरळ पुसली, गती कमी करून नऊ वेळा प्रयत्न केला, दुसऱ्याच्या संगणकावर करून पाहिला. ‘ध्वनी’ हे शीर्षक दिसे, चित्र गोठे, आणि एकदम आभारांची पाटी येई.

वेष्टनावरच्या पत्त्यावर पत्र धाडले. ते परत आले. महाजालावर मात्र तो चित्रपट होता, कोणीतरी कोणालाही न विचारता चढवलेला, अखंड, नामावळीसकट.

चोरट्या वीस रुपयांच्या तबकड्यांवर ताठ बोललेला माणूस मीच. दोन दिवस थांबलो. संत थॉमस ‘एपिकिया’ नावाच्या सद्गुणाविषयी लिहितात: नियमाचे अक्षर पाळल्याने नियम करणाराचा हेतूच फसत असेल तिथे अक्षर बाजूस ठेवावे. कायदा निर्मात्यांच्या रक्षणासाठी आहे. इथे एका निर्मात्याचेच नाव वाचवावयाचे आहे. कुटुंबाने पैसे मोजलेले आहेत. मी त्या प्रतीतील शेवटची चार मिनिटे घेतली आणि आमच्या फायलीला जोडली. ह्या युक्तिवादात एक फट आहे, ती मला दिसते. त्या बाईंच्या पतीची चूक होती तेव्हा मी अक्षर धरले. माझी चूक निस्तरावयाची वेळ आली तेव्हा मला एपिकिया आठवली. त्या तीस तबकड्यांतही कोणाचे काही अडकलेले असेल, हे मी विचारले नव्हते. पुढच्या खेपेला इंदापूरला गेलो तेव्हा बाईंची क्षमा मागितली. त्यांना नेमके काय ते कळले असे वाटले नाही. त्यांनी चहा ठेवला.

आता मी एक वही ठेवली आहे. तबकडी कोणाची, कोठे घेतली, कोणत्या तारखेला उतरवली, काय सुटले. कापलेले सर्व चित्रपट पुन्हा काढले. त्यांतील सातांचे शेवट मिळाले नाहीत, तसे वहीत लिहिले आहे. थोरल्या मुलीच्या लग्नाची तबकडी तर वाचताच आली नाही. विकतच्या तबकड्यांत माहिती साच्यात दाबलेली असते. घरगुती तबकडीवर ती रंगाच्या थरात असते आणि उन्हाळ्यांनी तो थर उडतो. बाईंनी ती कोरी झालेली तबकडी परत मागून घेतली.

गेल्या नाताळात तो मुलगा आईबरोबर आला होता. चित्रपट लावला, नाव आले, त्याने स्वतःच चित्र थांबवले. बराच वेळ पाहून म्हणाला, “फादर, आडनावातलं एक अक्षर गळलंय. पहिल्यापासूनच. आईला कधी सांगितलं नाही.” आई शेजारीच बसली होती. दुरुस्त करता येईल का, असे त्याने विचारले. स्नानसंस्काराच्या वहीत आम्ही मूळ नोंद खोडीत नाही; बाजूच्या समासात शुद्ध नाव लिहून दिनांक घालतो. तसेच केले. खाली सही त्याने केली.